सदनिका क्रमांक सातमधला ट्रक

श्रीधर वाकनीस यांनी उभ्या आयुष्यात स्कूटरपेक्षा मोठं वाहन चालवलं नव्हतं, आणि तीही ते चाळीसच्या वर नेत नसत. तरीसुद्धा गेलं दीड वर्ष दर रविवारी दुपारी चार ते सहा ते बेचाळीस टनांचा ट्रेलर घेऊन युरोपभर हिंडत होते. कधी सिमेंट, कधी दूध पावडर, एकदा तर पवनचक्कीचं अख्खं पातं. हे सगळं नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर, पुष्करच्या जुन्या टेबलाशी, बनियनवर बसून.

कॉम्प्युटर मुळात पुष्करचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. इंजिनिअरिंगला असताना 'प्रोजेक्टसाठी' म्हणून घेतलेला. त्यात लाल-निळे दिवे का लागतात, आणि त्या दिव्यांचा प्रोजेक्टशी काय संबंध, हे श्रीधररावांनी तेव्हा दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर इंग्रजीत आल्यामुळे त्यांनी विषय सोडला. पुढे पुष्करला हॉलंडात नोकरी लागली, दिवे इथेच राहिले. पहिल्याच सुट्टीत आला तेव्हा त्यानं वडिलांना हा ट्रक चालवायचा गेम शिकवला. तेव्हापासून दर रविवारी पुष्कर तिकडून आणि हे इकडून, एकाच रस्त्यावर. पुष्करचा ट्रक पुढे, श्रीधररावांचा मागे. श्रीधरराव प्रत्येक वळणाला सिग्नल देत, रिकाम्या चौकातही थांबत. पुण्यात जे जमवता आलं नाही ते त्यांनी जर्मनीत जमवलं होतं.

आता कुणी म्हणेल, चौसष्ट वर्षांच्या माणसाला हे काय खूळ? तर ते खूळ नव्हतं. वाकनीस घराण्यातल्या पुरुषांची समोरासमोर बोलायची वेळ आली की वाचाच बसते. फोनवर तर बघायलाच नको. "जेवलास?" "हो." "थंडी?" "आहे." "बरं, आईला देतो." चार मिनिटांत कारभार आटोपला. पण दोघांची नजर रस्त्यावर असली, हात कामात असले, की पुष्कर आपणहून बोलायला लागे. साहेब कसा आहे, भात कसा करपला, सायकल कशी चोरीला गेली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका टोलनाक्यावर थांबले असताना तो म्हणाला होता, "बाबा, माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलंय. आईला सांगू नका." श्रीधरराव "बरं" म्हणाले आणि टोल भरला. तेवढ्या एका 'बरं'साठी माणसानं ट्रक चालवायला हरकत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. उल्काताई त्या वेळी आत स्वयंपाकघरात असत, त्यामुळे गुप्ततेचा प्रश्नच नव्हता.

उल्काताईंच्या घरात उघडी वस्तू शोधून सापडायची नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि त्या पिशवीला रबर बँड. यंदा पाडव्याला त्यांनी एक जुनी वांगी रंगाची साडी काढली, चांगली जड. तिला अस्तर लावून सीपीयूला नवीन कव्हर शिवलं. मागे वायरींपुरती फट आणि पुढे बटणापुरतं काज. कव्हर न काढता कॉम्प्युटर चालू करायची सोय. श्रीधरराव चौतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. केसाएवढा फरक असलेला भाग त्यांच्या हाताखालून कधी सुटला नव्हता. त्यांनी चष्मा वर करून काज पाहिलं आणि म्हणाले, "ओके." उरलेल्या साडीची उल्काताईंनी लहानशी गोधडी शिवली. ती ओळखीचं कुणीतरी तिकडे निघालं होतं त्यांच्याबरोबर पुष्करला गेली.

त्याच आठवड्यात गेमची नवी आवृत्ती आली, आणि रविवारी चार वाजून सोळा मिनिटांनी श्रीधररावांचा ट्रक एका पुलावर गपकन थांबला. पडद्यावरची झाडं, गाड्या, ढग, सगळं जिथल्या तिथे. मग पडदा काळा. पुढच्या रविवारीही चार-सोळा, त्याच्या पुढच्या रविवारी चार-चौदा. पुष्कर पुढे जाऊन कडेला ट्रक लावून वाट बघे, आणि मग फोन करी. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "बाबा, ते जुनं मशीन आहे. जाऊ दे आता. आपण फोनवरच बोलत जाऊ ना."

फोनवर! श्रीधरराव "बघू" म्हणाले, आणि सोमवारी सकाळी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

दुकान जवळच होतं, एका गल्लीच्या टोकाला. चालवणारा योगेश मूळचा यवतमाळचा, बारा वर्षं पुण्यात राहून भाषेला पुण्याचं पाणी लागू न दिलेला. त्यानं सीपीयू टेबलावर ठेवला, गेम लावला. दोघंही तासभर बघत बसले. ट्रक बिनतक्रार पळत होता.

"चालून राहिलं ना काका!"

"इथं चालतंय. घरी सोळा मिनिटांनी बंद पडतं."

"मंग घरी काय वेगळं आहे?"

"काहीही वेगळं नाही," श्रीधरराव करड्या आवाजात म्हणाले. आपण खोटी तक्रार घेऊन आलोय असं कुणी सुचवलेलं त्यांना खपत नसे. घरी आणून त्यांनी सीपीयू जागेवर ठेवला, उल्काताईंनी कव्हर चढवलं. सव्वाचौदा मिनिटांत पडदा काळा.

पुन्हा रिक्षा, पुन्हा दुकान, पुन्हा तासभर ट्रक पळाला. शेवटी योगेश स्वतः घरी आला. पाहुणा येणार म्हणून उल्काताईंनी खोली आवरली होती, कव्हर काढून घडी करून कपाटात ठेवलं होतं, पोहे केले होते. योगेशनं दोन बशा पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि कॉम्प्युटर त्याच्यासमोर शहाण्या मुलासारखा चालला. श्रीधररावांना मान वर करवेना. पाहुण्यांसमोर पाढे घडाघडा म्हणणारं आणि पाठ वळताच विसरणारं पोर परवडलं.

"काका, असं पाहा," योगेश हात धुऊन म्हणाला, "गेम नवा, ग्राफिक्स कार्ड आठ वर्षांचं. चित्र काढायचं काम त्याचंच असते. बिचारं थकून राहिलं. नवीन टाकून देऊ."

हे दारातून शेजारचे जयसिंगराव ऐकत होते. एसटीच्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दार उघडं दिसलं की सल्ला द्यायला आत यायचे. "वाकनीस, घाटात गाडी अशीच बंद पडते बघा. सुरुवातीला पळते, मग थांबते. तापत असणार."

"जयसिंगराव," श्रीधरराव समजुतीनं म्हणाले, "हा खरा ट्रक नाही."

"तरी रेडिएटर बघून घ्या," असं म्हणून जयसिंगरावांनी उरलेले पोहे घेतले. उंटावरचे शहाणे पुण्यात प्रत्येक मजल्यावर एक या प्रमाणात मिळतात, हे श्रीधररावांना ठाऊक होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

कार्ड आणण्यापूर्वी योगेशनं सांगितलं होतं, डब्याची लांबी मोजून या, नवी कार्डं लांब असतात. मोजणे हा तर श्रीधररावांचा धर्म. त्यांनी घरातलं व्हर्निअर कॅलिपर काढलं, तीनदा मोजलं, सरासरी काढली, कागदावर लिहून खाली सही केली. मोजमाप अचूक होतं. फक्त ते बाहेरून घेतलेलं होतं. आत हार्ड डिस्क ठेवायचा लोखंडी पिंजरा असतो, तो दोन बोटं जागा खातो. नवं कार्ड घरी आणून आत बसवायला गेले तेव्हा हे कळलं. नाकापेक्षा मोती जड! पाकीट फोडलेलं असल्यामुळे कार्ड परत जाणं शक्य नव्हतं. आणि चूक कुणाची, या प्रश्नावर खाली स्वतःचीच सही होती.

जयसिंगरावांनी हॅक्सॉ आणली. "पिंजरा काय करायचाय? काढून टाकू." दोघांनी मिळून अर्धा दिवस तो पिंजरा कापला. खालच्या मजल्यावरून दोन वेळा विचारणा आली की वाकनीसांकडे खिडकीचं ग्रिल बसवताहेत का. श्रीधररावांनी दोन्ही वेळा "हो" सांगितलं, कारण खरं सांगायला वेळ जास्त लागला असता. पिंजरा गेला, हार्ड डिस्क रबर बँडनं बांधली, कार्ड बसलं. डब्याचं झाकण मात्र लागेना, एक बोट उघडं राहिलं.

मग कळलं की नव्या कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरत नाही. तोही मोठा आणला. श्रीधररावांनी बटण दाबलं, 'टक्' असा आवाज झाला, आणि वाकनीसांच्या घरातला पंखा, फ्रिज आणि उल्काताईंचा मिक्सर एकदमच गप्प झाले.

फ्यूज खाली मीटरच्या खोलीत. खोलीला कुलूप. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरी सुनीतीबाई मराठे यांच्याकडे. सुनीतीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अजूनही समोरचा माणूस उत्तर चुकणार हे गृहीत धरूनच प्रश्न विचारत.

"काय लावलंत?"

"ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरचं."

"गिझर, एसी व तत्सम उपकरणं लावण्यापूर्वी लेखी अर्ज द्यायचा, असा ठराव आहे. आपणच अनुमोदन दिलंय, दोन वर्षांपूर्वी."

"हे तत्सम नाही."

"अंधार तत्समच झालाय ना?" त्यांनी छापील अर्ज पुढे केला. "उपकरण घरगुती की व्यावसायिक?"

"घरगुती."

"वापराचा हेतू?"

श्रीधररावांनी पेन हातात घेतलं. खोटं लिहायची सवय नव्हती. "ट्रक चालवणे," त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं.

"मग व्यावसायिक."

"अहो, खोटा ट्रक!"

"खोट्या ट्रकला खरी वीज कशाला लागते?" सुनीतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट लिहा. हा अर्ज कमिटीपुढे जातो, तिथे लोक हसतात."

फ्रिजमधलं दूध, उल्काताईंच्या मिक्सरमधली अर्धी वाटलेली चटणी आणि येणारा रविवार, सगळं श्रीधररावांच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यांनी 'ट्रक चालवणे' खोडलं आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं: 'मुलाशी बोलणे'.

सुनीतीबाईंनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "माझी वैष्णवी बंगलोरला असते," त्या म्हणाल्या. "फोन उचलते आणि 'बोल' म्हणते. मग मीच बोलते." त्यांनी अर्जावर सही केली आणि किल्ली दिली. "वायरमन बोलावून स्वतंत्र लाइन ओढून घ्या. कमिटीचं मी बघते."

माणूस किती का हळवा होईना, फळा दिसला की मास्तरीण जागी होतेच. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना लागली: 'सदनिका क्र. ७ येथे दर रविवारी दुपारी ४ ते ६ ट्रक चालवला जाईल. या वेळात लिफ्टमध्ये अडकणाऱ्या सदस्यांनी सेक्रेटरींना फोन करू नये. हुकुमावरून.' पुढचे चार दिवस श्रीधरराव खाली उतरले की कुणी ना कुणी विचारी, "काय वाकनीस, आज कुठलं भाडं?" ते हसत नसत, फक्त पिशवी सावरून पुढे जात.

वायरमननं स्वतंत्र लाइन ओढली. भिंतीला नवा पट्टा पडला, एक टाइल फुटली. पण रविवारी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा श्रीधरराव हरखूनच गेले. झाडाचं पान न् पान दिसत होतं. लांबवर गाई चरत होत्या, आणि त्यांना शेपट्या होत्या! उघड्या राहिलेल्या झाकणातून धूळ जाऊ नये म्हणून उल्काताईंनी वांगी कव्हर आणखी नीट ओढून घेतलं होतं. एवढा खटाटोप करून आणलेली वस्तू म्हणून त्याला खाली नाडीही घातली होती, आणि ती आवळून बांधली होती.

"बाबा, भारी!" पुष्कर म्हणाला. "चला, आज लांब जाऊ."

चार वाजून नऊ मिनिटांनी पडदा काळा झाला.

फोन वाजला. "बाबा, खरंच राहू दे," पुष्करचा आवाज थकलेला होता. "तुम्ही उगाच त्रास घेताय. फोन आहे ना."

"हो," श्रीधरराव म्हणाले. "जेवलास?"

"हो."

"बरं, आईला देतो."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कार्ड, पॉवर सप्लाय, पिंजरा, टाइल, यातलं कशाचंच वाईट वाटत नव्हतं. पुष्करनं 'राहू दे' म्हटलं होतं, आणि ते त्यानं इतक्या सहज म्हटलं होतं, याचं वाईट वाटत होतं.

सोमवारी ते सकाळपासूनच कॉम्प्युटर लावून बसले. बंद पडायचा, थांबून पुन्हा लावायचे. साडेदहाला शालू आली. शालू कात्रजहून येते, वाकनीसांकडे सहा वर्षं केर-फरशी आणि भांडी करते. बोलायला तिला परवानगी लागत नाही. टेबल पुसता पुसता तिचा हात सीपीयूला लागला आणि ती ओरडली, "अगं आई गं! काका, हे केवढं तापलंय! पापड भाजंल की ह्याच्यावर."

"चालू आहे ते. हात लावू नको."

"चालू हाय आन् त्याला अस्तराचं कव्हर? उन्हाळ्याचं? वर नाडी!" शालूनं बोलता बोलता नाडी सोडली आणि कव्हर ओढून काढलं. आतून भट्टीसारखी गरम हवा आली. "जीव घाबरला असंल बिचाऱ्याचा. थांबा, पंखा मोठा करते."

श्रीधररावांनी ट्रक सुरू केला आणि समोर घड्याळ ठेवलं. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. शालू फरशी पुसून, भांडी घासून, कात्रजला परत गेली. ट्रक चालतच होता. दुकानात कव्हर नव्हतं. योगेश घरी आला तेव्हा कव्हर कपाटात होतं. बंद पडला त्या प्रत्येक वेळी मात्र कव्हर होतं. केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसानं वांगी रंगाची अख्खी साडी सोडली होती.

तपासणी म्हणजे तपासणी. दुपारी त्यांनी नवं कार्ड काढलं, जुनं बसवलं, कव्हर लांब ठेवलं. नवी आवृत्ती जुन्या कार्डावर तासभर चालली. गाईंना शेपट्या दिसत नव्हत्या एवढंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. श्रीधररावांनी मुकाट्यानं नवं कार्ड पुन्हा बसवलं आणि जुनं खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. जयसिंगराव 'तापत असणार' म्हणाले होते, ही गोष्ट त्यांनी जन्मात कुणाला सांगायची नाही असं ठरवलं. उल्काताईंना एवढंच म्हणाले, "कव्हर जरा धुवायला टाक. मळलंय."

पुष्करला निरोप पाठवला: 'रविवार, चार वाजता. शेवटचं एकदा.'

रविवार उजाडला. चार-सोळा झाले, चार-अठरा झाले. श्रीधररावांचा ट्रक झोकात चालला होता. चार वाजून वीस मिनिटांनी पुढचा पुष्करचा ट्रक मधल्या लेनमध्ये गपकन थांबला. श्रीधररावांनी ब्रेक मारला, मागे चार फुटांवर ट्रेलर उभा केला, आणि सवयीनं चारही दिवे लुकलुकते ठेवले.

"पुष्कर?"

"बाबा... माझाच अडकला. माझा लॅपटॉप पण अडकतोय हल्ली."

"हल्ली म्हणजे?"

"महिना झाला. तुमचा आधी बंद पडायचा म्हणून कळायचं नाही एवढंच. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच नवीन घे म्हणून पैसे पाठवले असते. म्हणून म्हटलं, राहू दे."

श्रीधररावांच्या छातीवरचा महिनाभराचा धोंडा उतरला. पोरगं कंटाळलं नव्हतं, संकोचलं होतं. वाकनीसांचंच ते. त्यांनी घसा साफ केला आणि चौतीस वर्षांच्या अनुभवी आवाजात विचारलं, "लॅपटॉप कशावर ठेवलायस?"

"मांडीवर. म्हणजे, मांडीवर गोधडी, त्यावर लॅपटॉप. आईनं पाठवलेली."

"पाडव्याची? वांगी?"

"हो. का?"

"त्याची हवा खालून जाते-येते. काढ ती गोधडी. त्याचा जीव घाबरतोय," श्रीधरराव म्हणाले. हे वाक्य आपलं नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

आतून कैरीची साल काढत असलेल्या उल्काताई सुरी तशीच हातात घेऊन बाहेर आल्या. एकदा त्यांनी उघड्या सीपीयूकडे पाहिलं, एकदा दोरीवर वाळत घातलेल्या कव्हराकडे, आणि एकदा नवऱ्याकडे. सगळा हिशेब तिथल्या तिथे जुळला.

"पुष्कर," त्या स्पीकरकडे वाकून म्हणाल्या, "गोधडी लॅपटॉपला नव्हती दिली. तुला दिली होती. खोलीतला हीटर नीट चालत नाही, रात्री पाय गार पडतात म्हणालास ना?"

"मी? तुला कधी म्हणालो?"

"मला नाही. ह्यांना म्हणालास. मार्च महिन्यात, कुठल्यातरी बोगद्यात."

श्रीधररावांचा हात घाईघाईनं हॉर्नवर गेला, पण उशीर झाला होता.

"प्रोबेशनचंही माहीत आहे मला," उल्काताई म्हणाल्या. "रविवारी चार वाजता मी स्वयंपाकघरात असते, परगावी नसते. दीड वर्ष सहा वाजेपर्यंत मिक्सर लावलेला नाही मी. ते ग्राफिक्स की काय ते बंद पडेल याची काळजी तुम्हाला एकट्यालाच होती का?"

मग तिकडून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि पुष्कर म्हणाला, "घेतली अंगावर." जरा वेळानं पुढचा ट्रक सुरू झाला.

उल्काताईंनी कैऱ्यांचं ताट बाहेर आणलं आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या शेजारी बसल्या. "त्या गाई आहेत का हो? शेपट्या छान आहेत," त्या म्हणाल्या. श्रीधररावांनी लुकलुकते दिवे बंद केले, रस्ता रिकामा असूनही उजवा सिग्नल दिला, आणि ट्रक मुलाच्या मागे घातला.